तुम्ही विचारलंत म्हणून : सुकट चालते, मग कोळंबी का नाही?

मटण खाता, उजनीची मरळ खाता, सुकट तर भाकरीबरोबर मिटक्या मारत खाता, मग कोळंबीनेच तुमचे काय घोडे मारले आहे? हा प्रश्न मला सोलापुरात विचारतात, पुण्याच्या रस्त्यावरच्या ढाब्यांवर विचारतात, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या सासुरवाडीत पूर्वी दर जेवणाला विचारत असत. माणूस पाहून मी उत्तर देत आलो. कचेरीतल्या लोकांना 'सवय नाही' म्हणालो, मित्रांना 'वास सोसत नाही' म्हणालो, आणि सासुरवाडीत तब्बल अकरा वर्षे 'अ‍ॅलर्जी आहे' म्हणत राहिलो. पहिली दोन उत्तरे अर्धीमुर्धी खरी होती. तिसरे साफ खोटे होते, आणि हे सगळे लिहायला बसण्याचे कारणही तेच आहे.

आधी वासाचे सांगतो. मी पहिली कोळंबी कॉलेजात असताना सोलापुरातल्याच एका खाणावळीत खाल्ली. त्या काळी ती मुंबईहून साडेचारशे किलोमीटरांचा प्रवास करून, थर्माकोलच्या खोक्यातल्या वितळत्या बर्फात पडून यायची. कोळंबीच्या डोक्यातच तिच्या पचनाचे पाचकरस असतात आणि ती मेल्यावर ते तिचेच मांस आतून विरघळवू लागतात, त्यामुळे डोक्यासकट ठेवलेली कोळंबी माशाच्या आधी उतरते, हे मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा एवढेच कळले की तोंडात काहीतरी पिठूळ आले आहे आणि नाकात मुतारीसारखी झणक गेली आहे. एवढ्यावर मी आयुष्यभराचा निकाल दिला. समुद्रापासून रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून लांब राहणाऱ्या माणसाने दिलेला हा निकाल फारसा अन्याय्य नव्हता, असे मला आजही वाटते.

पण लग्नानंतर ती पळवाट बंद झाली. सासुरवाडी खाडीच्या काठावर आहे. तिथली कोळंबी सकाळी जाळ्यात आणि दुपारी कढईत असते. तिला वास जवळजवळ नसतो, आणि राखाडी अंगाची ती कोळंबी गरम तव्यावर क्षणात केशरी होताना पाहणे मला आवडते, हे मी नाकारणार नाही. माझी बायको म्हणते की ताज्या कोळंबीला गोडी असते. ते खरेच आहे, कारण तिच्या मांसात ग्लायसिन नावाचे मुळातच गोडसर चवीचे द्रव्य भरपूर असते आणि शिळेपणाबरोबर ते कमी होत जाते. म्हणजे ज्या लोकांना कोळंबी जीव की प्राण असते ते जे खातात, आणि मी कॉलेजात जे खाल्ले, ते दोन वेगळे पदार्थ होते. एवढे कळूनही माझा हात पुढे गेला नाही, तेव्हा कारण वासाचे नव्हते, हे मला मान्य करावे लागले.

कारण झुरळाचे होते. पाय, मिशा, कवच, सांधे, आणि देठावर बसवल्यासारखे ते काळे डोळे. सोलापूरच्या जुन्या वाड्यातल्या मोरीत रात्री दिवा लावल्यावर जे पळते, ते आणि ताटातले हे, यांत माझा डोळा फरक करत नाही. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 1986 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढले, तर तो रस पूर्ण सुरक्षित आहे हे सांगूनही लोकांना तो पिववत नाही. हे वाचले तेव्हा आपल्या बाजूने कोणीतरी साक्ष दिल्यासारखे मला वाटले. पुढे असेही वाचले की आजच्या जीवशास्त्रानुसार कीटक हे कवचधारी जलचरांच्याच वंशातून निघालेले आहेत, म्हणजे कोळंबीला झुरळाची लांबची बहीण म्हणण्यात वंशावळीच्या दृष्टीने चूक नाही. हा मुद्दा मी सासुरवाडीत एकदा, भर जेवणात, मांडला होता. त्या दिवशी सासऱ्यांनी भल्या पहाटे ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढून आणल्या होत्या आणि सासूबाईंनी विळीवर बसून एकेक फोडून एकशिपी केल्या होत्या. मी बोलत होतो आणि ते दोघे मुकाट्याने जेवत होते.

ते अवघडलेपण टाळण्यासाठी मी पुढच्या खेपेपासून अ‍ॅलर्जीचा आधार घेतला. नावडीला लोक हट्टाने उत्तर देतात, 'एक खाऊन तर बघा' म्हणतात. आजारापुढे ते थांबतात. 'जावईबापूंना अंगावर उठते हो' असे म्हणत सासूबाई माझ्यासाठी वेगळी बांगड्याची कढी करू लागल्या, आणि ती मी खाल्ली. याची लाज मला तेव्हा वाटली नव्हती. कुणाच्या कष्टांना नावे ठेवण्यापेक्षा एक निरुपद्रवी खोटे बरे, असा माझा हिशेब होता, आणि तो हिशेब मांडणाऱ्या त्या वेळच्या मला आज काय उत्तर द्यावे, हे मला अजून नीट सुचलेले नाही.

खोटे उघडे पडले ते सुकटीमुळे. एका जानेवारीत सासूबाई सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी आमच्याकडे आल्या. एका रात्री आईने नेहमीप्रमाणे सुकट केली. कोरडी भाजून, पाखडून, काळे तिखट आणि भरपूर लसूण घालून ती परतली, की आमच्या घरात भाकऱ्या मोजत नाहीत. मी तिसरी भाकरी मोडत असताना सासूबाई माझ्या ताटात वाकून पाहत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हा तर जवळा."

खरे सांगायचे तर त्या क्षणापर्यंत मी हा विचारच केला नव्हता. सुकट हे आमच्यासाठी बाजारात पोत्यातून मापाने मिळणारे धान्यासारखे काहीतरी होते. ती समुद्रात पोहत असेल, तिला मिशा असतील, आणि भाजलेल्या सुकटीत दिसणारे ते काळे ठिपके म्हणजे तिचे डोळे असतील, हे चाळीस वर्षे ती खाऊनही माझ्या मनात आले नव्हते. जवळा म्हणजे कोळंबीचीच इवलीशी भावंडे. कोकणच्या किनाऱ्यावर वाळणारा तो जवळा आमच्या आठवडी बाजारात येऊन सुकट होतो. सोलापूरच्या पूर्व भागातले आमचे तेलुगू शेजारी वाळवलेल्या कोळंबीला 'एंडु रोय्यलु' म्हणतात आणि अंबाडीच्या भाजीत घालतात. तीही वाटी मी वर्षानुवर्षे पुसून खाल्लेली आहे.

सासूबाई सोलापुरात काहीच बोलल्या नाहीत. पण मी पुढच्या दिवाळीत तिकडे गेलो तोवर घरात एक विनोद रुजला होता : "आमच्या जावईबापूंची अ‍ॅलर्जी सुकल्यावर जाते." मीही हसलो. हसण्यावारी सुटलो, याचे मला हायसेच वाटले.

हे 2017 चे सांगतो आहे. त्याच मुक्कामात, पाडव्याच्या दुपारी, पंगतीत माझ्या शेजारी मेहुण्याचा चौदा वर्षांचा मुलगा बसला होता. कोळंबीचे कालवण वाढले गेले. दोन घास खाऊन तो म्हणाला की घशाला खाज सुटते आहे, मला नको. त्याची आई म्हणाली, लहानपणापासून खातोस, आत्ताच काय झाले? तो म्हणाला की मागच्या वेळीही असेच झाले होते. त्यावर पंगतीच्या दुसऱ्या टोकाहून कोणीतरी म्हणाले, "तुझीसुद्धा सुकल्यावर जाईल हो!" सगळी पंगत हसली. मी हसलो. मुलगा माझ्याकडे पाहून ओशाळला, आणि उरलेली कोळंबी त्याने भातात कालवून संपवली.

हसण्याआधी मला काय माहीत होते, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्याला खरोखरच त्रास होतो आहे हे मला माहीत नव्हते, असे मी स्वतःला सांगतो. पण माझे सोंग होते हे मला माहीत होते, आणि त्याचे सोंग आहे असे लोकांना माझ्यामुळे वाटते आहे, हेही त्या क्षणी मला स्वच्छ दिसत होते. "त्याला नको असेल तर राहू द्या" एवढे म्हणायला काही लागले नसते. पण तसे म्हटले असते तर सगळ्यांच्या नजरा पुन्हा माझ्याकडे वळल्या असत्या.

हात धुवायला उठला तेव्हा त्याच्या मानेवर लाल चकंदळे होती. पित्त उठले, असे सगळ्यांनी एकमुखाने म्हटले, आणि कोकणातल्या घरात पित्तावर जे करतात ते केले : आमसुलाचे पाणी प्यायला दिले आणि अंगालाही लावले. पंधरा मिनिटे त्यात गेली. मग त्याचे ओठ सुजले, त्याला उलटी झाली आणि त्याचा आवाज बदलला. तो आवाज मी विसरू शकत नाही, कारण तो नुकत्याच फुटू लागलेल्या पोरसवदा आवाजासारखाच होता आणि क्षणभर कोणालाच वेगळे काही वाटले नाही. मेहुण्याने गाडी काढली. मी मागच्या सीटवर त्याला टेकवून धरले होते आणि तो प्रत्येक श्वासाला खांदे उचलत होता. रुग्णालयात डॉक्टरांनी आधी मांडीत अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन दिले आणि मगच बाकीचे विचारले. तो सावरला. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो म्हणून रात्रभर त्याला ठेवून घेतले.

त्या रात्री बाकावर बसलो असताना डॉक्टरांनी जे समजावले त्यातली दोन वाक्ये माझ्यासाठीच असावीत, असे मला वाटले. अशी अ‍ॅलर्जी बहुधा ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते, आणि ते शिजवून, उकळून किंवा सुकवून जात नाही. वर्षानुवर्षे आवडीने खाणाऱ्यालाही ती एके दिवशी सुरू होऊ शकते आणि सहसा जन्माची सोबत करते. दुसरे असे, की तसेच प्रथिन घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किडींत असते आणि झुरळांतही असते. ज्या साम्यावरून मी जेवताना पांडित्य केले होते, तेच साम्य त्या मुलाचे शरीर माझ्याहून जास्त गांभीर्याने ओळखत होते.

तेव्हा, का खात नाही? सवय म्हणावे, तर सुकटीची सवय मला जन्मापासून आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला आवडते आणि देशावरच्याला नाही म्हणावे, तर रायगडच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू धर्मनियमाने खवल्यांविना असलेला जलचर खात नाहीत, आणि समुद्र त्यांच्या दारात होता. किळस म्हणावे, तर जवळ्याचे डोळे मी रोज चावत आलो. सासूबाईंचे म्हणणे असे की आकार लहान असला की मनुष्य बघत नाही. बायकोचे म्हणणे असे की तुम्ही एकदा 'नाही' म्हणालात आणि आता ते 'नाही' तुम्हालाच सोडवत नाही. दोघींचेही थोडे पटते. मी दोन वर्षांपूर्वी एक कोळंबी सोलून, डोळे मिटून खाल्ली. गोड होती. दुसरी घेतली नाही.

आता मी सगळीकडे "मला नको" एवढेच म्हणतो आणि लोक "एक खाऊन तर बघा" म्हणतात. अ‍ॅलर्जी हा शब्द मी स्वतःबद्दल पुन्हा उच्चारलेला नाही.

तो मुलगा आता नोकरीला लागला आहे आणि इंजेक्शन कायम बरोबर बाळगतो. या जानेवारीत तो हुरड्याला आमच्याकडे आला होता. तो येण्याच्या आदल्या दिवशी आईने सुकटीचा डबा माळ्यावर टाकला, कढई राखेने घासली, पुन्हा साबणाने घासली, आणि तरी त्याच्यासाठी शेजारून वेगळी कढई आणली. तीन दिवस तो शेंगाची चटणी आणि दही खाऊन मजेत राहिला. त्या दुपारचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. रविवारी रात्री त्याला गाडीत बसवून आलो, आणि सोमवारी माळ्यावरचा डबा मीच खाली काढला.