स्लो

चुलतभावानं मळ्यातलं पाण्याचं छोटं पेट्रोल इंजिन परवा दुपारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडं आणलं. पावसाळाभर टाकीत पेट्रोल तसंच. चोक ओढला की सुरू, सोडला की बंद. मिस्त्रींनी दोरी एकदाच ओढली आणि म्हणाले, "स्लो जेट चोकअप हाय." म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल ज्या बारीक भोकातनं येतं, ते तुंबलंय. कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, खालची वाटी काढली, तर तळाला पिवळट चिकटा आणि त्यात पाण्याचे थेंब. पेट्रोलमध्ये आता उसापासूनही बनणारं इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. उसाच्या जिल्ह्यातल्या माणसानं तक्रार तरी कुणाकडं करायची!

मिस्त्रींनी पितळी जेट चिमटीत धरून आभाळाकडं रोखला, एक डोळा मिटला. वडिलांची हीच ढब. रविवारी स्कूटर अंगणात, वर्तमानपत्रावर सुटा कार्बोरेटर आणि स्वयंपाकघरातून पळवलेली स्टीलची वाटी पेट्रोलनं भरलेली. आई ती वाटी परत घ्यायची नाही, त्यामुळं आमच्याकडं वाट्यांचा संच कधी पुरा नसायचा. जेट साफ करायला त्यात विजेच्या वायरीतली तांब्याची एकच बारीक तार जायची. पितळ मऊ, भोक केसभर वाढलं तरी गाडी पेट्रोल प्यायला लागते. एका मामांनी एकदा टाचणी घातली. ते आमच्यात अजून टाचणीमामाच आहेत.

खरा वाद पुढं, स्लो लावताना, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन किती हळू चालावं ते ठरवताना. हवेचा स्क्रू पूर्ण आत, मग दीडेक फेरा बाहेर, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. त्यापुढं ज्याचा त्याचा कान. वडिलांना गाडी आता बंद पडते की काय, इतकी हळू लागायची. काका आले की जाताजाता रेस वाढवून जायचे, वडील पुन्हा उतरवायचे. दोघंही त्याबद्दल अवाक्षर बोलत नसत. परवा चुलतभावानंही "जरा वाढवूनच ठेवा" म्हटलं. काकांचाच मुलगा तो. मला वडिलांचा कान आलाय. दाभोळकर कॉर्नरच्या चौकात शेजारची गाडी उगाच गुरगुरत उभी असली की माझे हात शिवशिवतात.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, आले आणि नव्या गाड्यांतनं कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल फवारणाऱ्या गाडीचा स्लो ती स्वतःच ठरवते. बरंच झालं म्हणायचं. थंडीत शाळेच्या वेळेला किका मारलेला माणूस हळहळणार नाही. फक्त हल्ली गाडी बंद पडली की लोक शेजारी उभे राहून थेट फोन लावतात. वाकून बघतसुद्धा नाहीत. वाकून तरी दिसणार काय म्हणा.