पाणी कशावर तापवता?

परवा ओपीडीत शाहूवाडीकडच्या एक मावशी आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, चार वर्षांपासून दम लागतोय, गावाकडे दम्याचं औषध चालू. आमच्या जेआर-वननं, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरनं, थिसिसचा फॉर्म भराभर भरला. धूम्रपान: नाही. इंधन: गॅस. व्यवसाय: गृहिणी. झालं.

मी त्याला थांबवलं. "मावशी, गॅसवर काय काय करता?"

"च्या करतो की. पाव्हणं आलं तर भाजी बी."

"आणि भाकरी?"

"ती चुलीवरच. आन् आंघोळीचं पाणी, म्हशीचं आंबोण, समदं चुलीवरच."

दिवसाचे पाच तास धुरात, लग्न झाल्यापासून अडतीस वर्षं. तासांना वर्षांनी गुणलं की 190. सिगारेट ओढणाऱ्याचे आपण पॅक-इयर मोजतो, रोजची पाकिटं गुणिले वर्षं, तसाच हा चुलीचा हिशेब. आणि आमच्या फॉर्मवर त्यांच्या नावापुढं धुराचा मागमूस नव्हता.

मग स्पायरोमेट्री, नळीत फुंकून फुप्फुसांचं काम मोजायची चाचणी. नळी तोंडात देऊन तो सांगायला लागला, "जोरात फुंका, थांबू नका, फुंका, फुंका..." मावशींनी नळी काढून विचारलं, "फुंकणीगत?" पोरगा शहरात वाढलेला, त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मावशींनी पदर खोचला, पुढं वाकल्या आणि शेवटपर्यंत फुंकलं. श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल दिल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा. दुसऱ्या वेळीही पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा (एफईव्ही-वन) आणि एकूण फुंकलेली हवा (एफव्हीसी) यांचं गुणोत्तर 0.70 च्या बरंच खाली. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बाईला सीओपीडी, औषधानंही पूर्ण मोकळ्या न होणाऱ्या श्वासनळ्यांचा आजार.

याच मुलानं मागच्या महिन्यात जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंधांवर चर्चा करायच्या आमच्या बैठकीत, पल्स ऑक्सिमीटरवरचा अमेरिकेतला अभ्यास मांडला होता, 2020 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. रक्तातला ऑक्सिजन खरंच कमी असूनही बोटावरचं यंत्र ठीक दाखवतं, असं गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत जवळजवळ तिप्पट वेळा घडलं होतं. मांडणी फार छान झाली होती. परवा मी त्याला एवढंच म्हटलं, त्यांनी यंत्र तपासलं, आपण आपला फॉर्म तपासू.

संध्याकाळी दोघं बसलो. 'व्यवसाय: मजूर' असे कितीतरी फॉर्म निघाले. कुठला मजूर? शिरोलीच्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, असेल तर फुप्फुसात सिलिका, म्हणजे वाळूची बारीक धूळ, जाते, इचलकरंजीत मागावर असेल तर कापसाची धूळ. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड घालणारा असेल तर हंगामभर धूर. तिघांच्या छातीचा फोटो आपण एकाच शब्दाखाली ठेवतो.

जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावड्याकडचे पेशंट कमी, हे त्यानं आलेखात बरोबर टिपलं होतं. कारण मात्र 'हंगामी घट' असं लिहिलेलं. पूर आला की तो रस्ता बंद होतो, बाळा. दम लागायचा थांबत नाही, एसटी थांबते. हार्ट अटॅकच्या पेशंटचं तर विचारूच नका. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरं उपयोगी, आणि बायकांना घरातले आधी पित्ताची गोळी देतात. म्हणून फॉर्ममध्ये ईसीजीची वेळ पुरत नाही. दुखायला कधी लागलं, घरातून कधी निघालात, कशानं आलात, हेही लिहायला हवं.

एमडीची तीन वर्षं कॉल आणि इमर्जन्सीत निघून जातात. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, नाशिकला विद्यापीठाकडं पाठवायची घाई असते, म्हणून मुलं जुन्या थिसिसचा प्रोफॉर्मा, म्हणजे हाच फॉर्म, उचलतात. आम्ही गाइडही सही करतो. मीही वर्षानुवर्षं केली आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. संख्याशास्त्र शिकवायला माणूस मिळतो. पेशंटजवळ स्टूल ओढून बसायचं आणि दुसरा प्रश्न विचारायचा, हे आम्हीच शिकवायला हवं, तेही ओपीडीच्या गर्दीत.

आता इंधनाचा एक रकाना काढून चार केलेत: चहा, भाकरी, आंघोळीचं पाणी, जनावरांचं. एथिक्स कमिटीकडं दुरुस्ती पाठवली आहे. मंजुरी आली की आधी भरलेल्या सगळ्या बायकांना फोन करायचा आहे. यादी त्यानं स्वतःहून काढली, गावांप्रमाणं लावून.