टपावरून डिकीत: धुळे ते औली, दोन जोड्या स्की आणि जुनी ई-क्लास

शिरपूरच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवाल्या बाबांनी गाडीच्या टपाकडे बघत विचारलं, "काय लई चालनात भाऊ? पाइप शेतस का?"

"नाही बाबा, स्की शेतस. बर्फवर घसराले," भाचा म्हणाला.

बाबांनी एकदा टपाकडे पाहिलं, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि पुढे काही विचारलं नाही.

भाचा चार वर्षं जर्मनीत होता. परत येताना स्कीच्या दोन जोड्या घेऊन आला, एक 170 सेंटीमीटरची आणि दुसरी 156ची. माझ्याकडे 2005ची मर्सिडीज ई-क्लास आहे, पेट्रोल, मी तिचा तिसरा मालक. "मामा, या गाडीनेच जाऊ. तिकडे लोक अशाच गाड्यांवर स्की बांधून जातात," हे त्याचं पालुपद. तिकडे आल्प्सपर्यंतचा रस्ता कसा असतो ते तो जाणे. धुळ्याहून औली, म्हणजे उत्तराखंडातलं स्कीइंगचं ठिकाण, सुमारे 1600 किलोमीटर आणि त्यातला बर्फ फक्त शेवटच्या 14 किलोमीटरमध्ये. बाकी सगळी धूळ. टपावर स्की बांधायचा बेत फसला तो या हिशेबामुळेच, पण ते आम्हाला घाट चढल्यावर कळलं.

आधी टपाचं सांगतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतील. जुन्या अँबॅसेडरच्या छताला कडेने पन्हळ असायची, तिला कोणतंही कॅरिअर आवळता यायचं. या गाड्यांचं छत गुळगुळीत. आडव्या दांड्यांचे पाय दाराच्या फटीत छताच्या कडेला पकडतात, आणि ते पाय प्रत्येक मॉडेलला वेगळे लागतात. आम्ही दांड्या जुन्या घेतल्या, पाय दुसऱ्याच गाडीचे होते. हाताने हलवून पाहिलं तर घट्ट वाटले. इथेच चुकलो. ओळखीच्या फॅब्रिकेटरने "दोन नट मारून देतो" म्हटलं होतं, ते ऐकलं नाही एवढाच काय तो शहाणपणा.

स्की बांधताना दोन्ही पट्ट्यांचे तळ एकमेकांना लावायचे आणि वळलेली टोकं मागच्या बाजूला ठेवायची. पुढे ठेवली तर वारा त्यांच्याखाली शिरून पट्ट्या उचलायला बघतो. बांधायचा पट्टा सपाट ताणला की 70च्या पुढे असा घुमतो की गाडीत बोलता येत नाही. त्याला एक पीळ दिला की आवाज बंद. मोकळं टोक आत खोचा, आमचं दारावर फडफडत राहिलं आणि तिथला रंग मंद झाला. सनरूफ असेल तर ते तिरकं उघडल्यावर दांडीला लागतं का, हे घरीच बघा. चुंबकाचे कॅरिअर मिळतात, ते पोलादी छतालाच चिकटतात, आणि खाली धुळीचा थर असेल तर रंगावर ओरखडे ठरलेले.

पळासनेर सोडलं, बिजासन घाट चढलो, सेंधव्यात उतरून पाहिलं तर पुढची दांडी दोन बोटं मागे सरकलेली. एक जोडी पिशवीत होती, ती ठीक. दुसरी उघडी होती. तिच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट अडकवायच्या खटक्यात, शंभर किलोमीटरमध्येच बारीक माती जाऊन बसली होती. हा खटका पडताना पाय सोडतो, तो नाही सुटला तर गुडघा जातो. अशा वस्तूला मुंबई-आग्रा रस्त्यावर उघडं ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

आता गंमत. मागच्या सीटच्या मधला हात टेकायचा भाग खाली ओढला की त्याच्यामागे एक झाकण आहे. गाडी घेतली तेव्हा मला वाटलं की तिथे प्रथमोपचाराची पेटी असावी. पुढे घरची मुलं ते उघडून डिकीतली चिवड्याची पिशवी काढून घ्यायची, एवढाच त्याचा उपयोग. सेंधव्याच्या ढाब्यावर भाच्याने झाकण उघडलं, आत हात घातला आणि घडी घातलेली लांब पिशवी बाहेर ओढली. स्की ठेवायची पिशवी! गाडीबरोबरच आलेली, वीस वर्षांत कुणी उलगडलेली नाही. युरोपात अशा सेडानना ही सोय मागवून घेतात. तुमच्या गाडीत असेलच असं नाही, नुसतं झाकण असेल आणि पिशवी नसेल असंही होतं. पण दांड्या विकत घेण्याआधी हात घालून बघा.

पद्धत अशी. पिशवी सीटवर पुढे सोडायची, स्की डिकीतून आत सरकवायच्या. 170ची जोडी डिकीत मावून उरलेला भाग दोन सीटच्या मध्ये येतो. मग पिशवीचा पट्टा स्कीभोवती आवळायचा आणि आकडा अडकवायचा. हे शेवटचं काम आळसाने सोडू नका. करकचून ब्रेक लागला तर दहा-बारा किलोच्या पोलादी कडांच्या पट्ट्या भाल्यासारख्या पुढे येतील आणि समोर गिअर बदलणाऱ्याची पाठ असेल. मधली सीट जाते, म्हणजे गाडीत चारच माणसं. आम्ही तिघंच होतो, मी, भाचा आणि त्याचा मित्र.

स्कीच्या कडा चाकूसारख्या असतात, लेदर फाडतात. यावर खानदेशी इलाज माझा. शेतातली ठिबकची जुनी 16 मिलिमीटरची नळी घ्या, लांबीत एक चीर द्या आणि कडेवर चढवा. फिट्ट बसते. भाच्याने तिकडे याच कामाच्या रबरी पट्ट्या विकत घेतल्या होत्या, त्या त्याने गुपचूप बॅगेत ठेवून दिल्या. ज्याच्याकडे शेत नाही त्याने सायकलची ट्यूब वापरावी.

बूट मात्र डिकीत ठेवू नका. थंडीत रात्रभर राहिले की त्यांचं प्लास्टिक कडक होतं आणि सकाळी पाय आत जाता जात नाही. केबिनमध्ये ठेवा, मुक्कामाला खोलीत घ्या. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच जाणाऱ्याने स्की नेण्याची गरजच नाही, औलीत भाड्याने मिळतात. आपल्या पायाचे बूट असतील तर तेवढे न्यावेत, भाड्याच्या बुटांनीच बहुतेकांची पहिली दोन दिवसं वाया जातात.

रस्त्याचं थोडक्यात. धुळे, इंदूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा हा सरळ मुंबई-आग्रा मार्ग. पहिला मुक्काम गुना. आग्र्यापुढे सगळे दिल्लीकडे वळतात, आम्ही वळलो नाही. दिल्ली आणि एनसीआरमध्ये 15 वर्षांवरच्या पेट्रोल आणि 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत. कोर्टात त्यात वेळोवेळी बदल झालेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात काय चालू आहे ते बघून घ्या. एनसीआर म्हणजे फक्त दिल्ली नाही, गाझियाबाद, मेरठ, बुलंदशहरही त्यातच येतात. आम्ही हाथरस, कासगंज, सोरों, कछल्याला गंगा ओलांडून बदायूं, चंदौसी, मुरादाबाद असे गेलो. रस्ता अरुंद आहे, उसाच्या ट्रॉल्या आहेत, पण जुन्या गाडीच्या मालकाला शांत झोप लागते. पुढे नजीबाबादवरून हरिद्वार. पुनर्नोंदणी केलेलं आरसी, विमा, पीयूसी हाताशी ठेवा. 15 वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं.

जानेवारीअखेर बदायूं-मुरादाबाद पट्ट्यात धुकं म्हणजे दुधात गाडी बुडवल्यासारखं. आमच्याकडे पहाटे पाचला निघायची सवय, तिथे ती चालत नाही. दहा वाजता निघा. सकाळी खोळंबलो तेव्हा घरून बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा कामाला आला, दुसऱ्या दिवशीही भाकरी मऊ होती.

हरिद्वारला गाडीची तपासणी केली आणि बरं झालं. निघण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये "कूलंट भरलंय, टेन्शन नका घेऊ" असं सांगितलं होतं. इथल्या मेकॅनिकने मोजणी केली तर ते उणे 6 अंशांनाच गोठेल असं निघालं. म्हणजे बहुतेक पाणीच. आपल्याकडे मे महिन्यात 44-45 अंशांत गाडी तापते म्हणून कूलंट, गोठण्याचा विचार कुणाच्याच डोक्यात येत नाही. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी असेल तर उणे 35च्या आसपासपर्यंत निभावतं. सगळं काढून नवीन भरलं. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढून टाका, तेही गोठतं.

2006च्या मध्यापूर्वीच्या या ई-क्लासना ब्रेक विजेवर चालणाऱ्या पंपाचे आहेत, एसबीसी म्हणतात. या ब्रेकपायी 2004 आणि 2005 मध्ये कंपनीने जगभरातून गाड्या परत बोलावल्या होत्या. पंपाला ठरावीक वापराची मर्यादा असते, ती संपत आली की डॅशबोर्डवर सूचना येते. पहाडात जाण्याआधी स्कॅनर लावून तो आकडा बघाच. मुख्य बॅटरी डिकीच्या तळाखाली आहे आणि ब्रेक तिच्यावर अवलंबून आहेत, त्यामुळे जुनी बॅटरी घेऊन थंडीत जाऊ नका.

हरिद्वार ते जोशीमठ, म्हणजे औलीच्या खालचं गाव, सुमारे 275 किलोमीटर. देवप्रयाग, श्रीनगर (गढवालचं, काश्मीरचं नव्हे), रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली, पिपलकोटी. एका दिवसात होतं, पण करू नका. श्रीनगरला थांबा, अंधारात पहाड नको. जोशीमठात सकाळी टायरची हवा पाहिली, पाच-सहा पीएसआय कमी. पंक्चर नव्हतं; दर पाच-सहा अंश थंडीला साधारण एक पीएसआय उतरते. धुळ्यात 30 अंशांत भरलेली हवा तिथे कमी दिसणारच. रात्री पार्किंग ब्रेक न लावता गिअर पी मध्ये ठेवून चाकांना दगड लावले, कारण ओल्या केबल गोठल्या की ब्रेक सुटत नाही. वायपर काचेपासून उचलून ठेवा.

आणि आता ते शेवटचे 14 किलोमीटर. ई-क्लासचा जोर मागच्या चाकांवर, आणि आपले नेहमीचे टायर सात अंशांच्या खाली कडक होतात. साखळ्या आणल्या होत्या, मागच्या दोन चाकांना लावल्या. गिअरचं बटण सी वर ठेवलं की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये निघते, चाक कमी फिरतं. साखळ्या असताना गाडी अडली तर ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा, तात्पुरतं बंद करा, नाहीतर ते इंजिनाचा जोर कापत राहतं. एवढं सगळं करून तिसऱ्या किलोमीटरला, सावलीतल्या वळणावर, गाडीचं मागचं अंग हळूच दरीकडे निघालं. भिंत उलट्या बाजूला होती. गाडी थांबली, पण माझं पोट थांबायला वेळ लागला. भाचा म्हणाला, "मामा, परत." मीही ताणलं नाही. साखळ्यांची रंगीत तालीम धुळ्याच्या अंगणात केली होती, बर्फावर नाही.

गाडी जोशीमठात ठेवली आणि स्थानिक फोर बाय फोर केली. रोपवेचा भरवसा धरू नका, जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हापासून तो बंदच आहे. चालकाने स्की स्वतः टपावर दोरीने बांधल्या, चार गाठी, दांड्या नाहीत, पाय नाहीत. वरपर्यंत हलल्या नाहीत. आमचे दांड्यांचे पैसे आठवले.

औलीत बर्फ होता, पण वरच्या भागात. 2500 ते 3050 मीटर उंचीचा उतार आहे, 2011च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतलं स्कीइंग इथे झालं आणि त्यासाठी कृत्रिम बर्फाची यंत्रंही बसवली होती. तरी नैसर्गिक बर्फ आयत्या वेळी दगा देतो. तारखा ठरवून सुट्टी घेण्यापेक्षा बर्फ पडल्याची बातमी आल्यावर निघणं बरं. अर्थात धुळ्याहून चार दिवस लागतात, तोवर त्यातला किती उरेल ते नशीब. समोर नंदादेवी दिसते, ती पाहून मी तासभर नुसता बसून राहिलो. घसरण्याचं काम भाच्याने केलं. मी दोनदा उभा राहिलो, सातवेळा पडलो, बाइंडिंग सातही वेळा सुटलं. सेंधव्यात ते साफ करून घेतलं होतं, त्याचं चीज झालं.

परतीला स्की ओल्या असतात, हे जाताना लक्षात आलं नव्हतं. जुन्या टॉवेलने पुसून, टॉवेलसकट पिशवीत. डिकीत पाणी साचू देऊ नका, खाली बॅटरी आहे. तरी आमच्या पिशवीत तांब्याभर पाणी निघालं. धुळ्यात पोचल्यावर पिशवी दोन दिवस गच्चीवर उलटी टांगली. ओली घडी करून आत कोंबली असती तर पावसाळ्यापर्यंत गाडीत वास धरला असता. कडांवर गंज यायला एक रात्र पुरते, म्हणून त्या कोरड्या करून तेलाचा हात फिरवला आणि तळाला मेण लावून ठेवलं. ठेवल्या कुठे, तर पत्र्याच्या माळ्यावर नाही; उन्हाळ्यात तिथे भाजून निघतील. मधल्या अंधाऱ्या खोलीत, कोठीच्या मागे उभ्या आहेत. ठिबकची नळी अजून चढवलेलीच आहे.