तुम्ही विचारलंत म्हणून: यात कला कुठे आहे?

गच्चीवर कपडे वाळत घालतानाचा माझा व्हिडिओ संपला की कुणीतरी विचारतंच, "ताई, तुम्ही नुसते कपडेच वाळत घातले ना? यात कला कुठे आहे?"

अमेरिकन कलाकार मार्था रोझलरने १९७५ साली 'सेमिऑटिक्स ऑफ द किचन' या व्हिडिओत स्वयंपाकघरातल्या वस्तू ए, बी, सीच्या क्रमाने कॅमेऱ्यापुढे धरल्या. जेमतेम सहा मिनिटं. शिजत काहीच नाही, पण ती वस्तू अशा चालवते की बघणाऱ्याने मागे सरकावं. कोरियन कलाकार किमसूजा तर दिल्लीच्या गर्दीत कॅमेऱ्याकडे पाठ करून नुसती उभी राहिली. म्हणजे हे खूळ माझं एकटीचं नाही.

माझी गच्ची नागपूरच्या महाल भागातली, महिना मे. साडी, परकर, नवऱ्याचे बनियन, आणि त्यांच्याच रांगेत माझे आतले कपडे, उघड्यावर. वरून पंचा टाकून झाकले, तर ४५ अंशांतही ते दमटच राहतात, हे कुठल्याही बाईला विचारा.

सासूबाई कुरड्या उलटवायला वर आल्या. तारेकडे पाहिलं. पंचा झटकून वरून टाकला, टोकं ओढून सारखी केली, दोन्हीकडे चिमटे लावले. मी काढला. त्यांनी परत घातला. मी परत काढला, तेव्हा म्हणाल्या, "बाजूच्या स्लॅबवर माणसं काम करून राह्यली, दिसत नाही का तुले?"

"दिसतात. त्यांचेही बनियन वाळताहेत, आई."

"माह्या सासूनं तारच तोडली असती." कुरड्या तशाच टाकून खाली गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

व्हिडिओसोबतच्या टिपणात मी 'परंपरेचं दडपण' असं लिहिलं होतं. आता ते वाचवत नाही. खोटं होतं असंही म्हणवत नाही. सासूला कॅमेऱ्यापुढे उभं केलं म्हणता? कॅमेरा त्यांना दिसत होता. पण सुनेचं काहीतरी चाललंय, याउपर त्यांना काय ठाऊक होतं? लोकांना दाखवण्याआधी मी त्यांना ते फोनवर दाखवलं. दोनदा पाहून म्हणाल्या, "तोंड काप. हात राहू दे." हातच का, ते सांगितलं नाही.

नुसते कपडेच असते, तर पंचा कशाला लागला असता? माझं उत्तर एवढंच. आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखा हात त्यांचाच आहे, इतका सराईत. माझे चिमटे निसटतात. तरी शेवटी नाव फक्त माझंच येतं. त्यांचंही टाकू का, म्हणून विचारलं.

"माहं नाव नको टाकू. पंचा टाकत जाय."