फाइल नसलेला माणूस

साडेदहाला बाल न्याय मंडळाची बैठक, आणि सव्वानऊलाच तो माझ्या टेबलापुढे उभा. शेजारी काका. एरवी तारखेला ह्याला आणायचं म्हणजे आईचा रोज बुडायचा आणि तरी हा दारातच घुटमळायचा.

"मॅडम, आधी ह्याचं ऐकून घ्या," काका म्हणाले. "मग अहवालात काय लिहायचं ते लिहा."

मी परिवीक्षा अधिकारी. मुलाचं घर, शाळा, संगत बघून पंधरा दिवसांत मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा आणि मंडळाने देखरेखीवर सोडलेल्या मुलांवर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. हा मुलगा सतरा वर्षांचा, मोटारसायकल चोरीत सापडलेला. हँडल लॉक तोडून गाडी काढून देण्यापुरता ह्याचा वाटा, पुढचं मोठी पोरं बघायची. मंडळाने वर्षभराची देखरेख लावली होती. अशा मुलाचं नाव सांगायला कायद्याने मनाई आहे आणि ते योग्यच आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

काका नात्यातले नव्हेत, आमच्याकडचे स्वयंसेवक. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्याकडे जायचे. मानधन नाही, पेट्रोलही खिशातलं. सुरुवातीचे कित्येक गुरुवार पोरगं तोंड उघडेना. काकांनीही खोदून विचारलं नाही. स्वतःची जुनी मोटारसायकल उघडून बसायचे आणि हात पुढे करायचे, "दहाचा पाना दे." दहावी नापास म्हणून हिंडणाऱ्या त्या पोराचा पुन्हा परीक्षेला बसण्याचा फॉर्म त्यांनीच भरून घेतला.

तर आदल्या रात्री ती जुनी मोठी पोरं घरी आली होती. "दोन दिवस गाडी ठेव, पैसे देतो." आई कामावर, धाकटी बहीण घरात. त्याने मागच्या दाराने जाऊन फोन लावला, तो काकांना. काकांनी एवढंच सांगितलं, "घरातच थांब, मी निघालो." येऊन ओट्यावर बसले ते आई येईपर्यंत. म्हाताऱ्या माणसाने ठाण मांडलेलं बघून पोरं गाडी घेऊन निघून गेली.

"मला का नाही केलास फोन?" मी विचारलं.

तो काकांकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुम्ही लिहून ठेवता ना."

खरं बोलला. मी कितीही मायेने विचारलं तरी माझ्या हातात फाइल असते आणि ती मंडळापुढे जाते. मुलं हे पहिल्या भेटीतच ओळखतात. आईला सांगावं तर ती रडणार, मित्रांना सांगावं तर गावभर होणार. मोठ्या माणसांमध्ये ज्याला काही लिहायचं नाही, काही मिळवायचं नाही, असा एक तरी हवा. ते काम माझ्या पदाला जमणारं नाही.

मंडळाची बैठक कोर्टासारखी नसते. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही, दंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य टेबलापलीकडे बसतात. रात्रीचा प्रकार त्याने स्वतः सांगितला, अडखळत, पण नावं घेऊन. मग दंडाधिकाऱ्यांनी सहज विचारलं, काकांकडे काय शिकलास? तर गडी सुरूच झाला. टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची फट जुळवणं, गार इंजिनवरच करायचं. गेजची पट्टी फटीत सरकली पाहिजे, पण किंचित अडकत. सैल सरकली तर टकटक आवाज येतो, घट्ट बसली तर व्हॉल्व्ह जळतो. बोलताना दोन बोटं चिमटीत धरून ती पट्टी ओढल्यासारखं करत होता. आधीच्या सगळ्या तारखांना ह्या मुलाने "हो" आणि "नाही" यापलीकडे शब्द काढलेला नव्हता. मंडळाने देखरेख तशीच ठेवली, आणि त्या पोरांकडून त्रास झाला तर पोलिसांनी लक्ष घालावं असा आदेश दिला.

आमचा पेशाच मुळात एका स्वयंसेवकाने सुरू केला. १८४१ साली बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्याने कोर्टात एका दारुड्याचा जामीन भरला, त्याला सुधारून परत हजर केलं आणि पुढे मरेपर्यंत हेच करत राहिला, पगार न घेता. पगारी अधिकारी नंतर आले. नेमणुका झाल्या, नियम झाले, म्हणून तसल्या माणसाची गरज संपली असं मला कधीच वाटलं नाही.

मात्र उत्साहाच्या भरात स्वयंसेवक व्हायला येणाऱ्यांना मी आधी थांबवते. अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंय की वर्षभर टिकलेल्या सोबतीचा मुलांना सर्वाधिक फायदा होतो, आणि तीन महिन्यांच्या आत तुटली तर मुलाचं स्वतःबद्दलचं मत उलट खालावतं. आधीच सोडून दिलेल्या पोराला आणखी एकाने सोडल्यासारखं होतं ते.

ह्याला दहावी झाली की आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड घ्यायचाय. काकांचे गुरुवार चालू आहेत. माझ्या यादीतल्या एका मुलाला वेल्डिंग शिकायचंय, एका मुलीला शिवण, आणि त्यांच्यासाठी अजून कुणी मिळालेलं नाही. तुमच्या जिल्ह्यातही महिला व बाल विकास कार्यालय आहे, तिथे विचारा. पोलीस पडताळणी होईल, तिचा राग मानू नका. आठवड्याला एक तास द्यावा लागतो, पण वर्षभर. तेवढी खात्री असेल तरच या.