लामांसोबत रानात फिरायचंय? आधी फोन करा

आई साताऱ्याहून मेलबर्नला आली की तिला मॉलमध्ये फिरवायचं माझ्या जिवावर येतं. ती गुरांत वाढलेली. म्हणून तासाभराच्या अंतरावर लामांची, म्हणजे उंटाच्या कुळातल्या लांब मानेच्या लोकरी जनावरांची, दोरी धरून रानातून चालायचं बुकिंग केलं. पैसे लगेच घेतले, आणि मग आला तो फॉर्म.

चालताना काही इजा झाली तर आयोजक जबाबदार नाहीत, असं प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतः सही करून द्यायचं. हे मान्य. पण मोबाइल नंबर सक्तीचा आणि तो ०४ ने सुरू होणाराच हवा. आईचा +९१ चा नंबर घातला की खाली लाल अक्षरं. माझा घातला तर ‘हा नंबर आधी वापरलेला आहे’. ईमेल केलं, तर उत्तर आलं की फॉर्म ऑनलाइनच भरा, लिंक जोडली आहे. तीच लिंक! पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. पाहुणे म्हणून आलेल्या माणसाकडे इथलं सिम नसतं, एवढं कुणाच्याच डोक्यात येऊ नये? आई म्हणाली, “राहू दे गं, तू जाऊन ये, मी थांबते घरी.” मग मात्र मी इरेला पेटले. फोन लावला, बराच वेळ होल्डवर थांबले, आणि शेवटी जनावरं सांभाळणाऱ्या बाईंनीच तो उचलला. “कागदावर सही घेऊ, घेऊन या त्यांना.” एका वाक्यात काम झालं. तेव्हा आईवडील भारतातून आलेले असतील तर फॉर्मशी झुंजू नका, पहिल्याच दिवशी फोन करून कागदी फॉर्म मागा.

त्यात आमची पहिली तारीख टोटल फायर बॅनमुळे, म्हणजे वणव्याचा धोका फार असतो त्या दिवशी उघड्यावर आग पेटवायला असलेल्या पूर्ण बंदीमुळे, रद्द झाली. त्याबद्दल तक्रार नाही. १९८३ च्या ॲश वेन्सडेच्या वणव्याने आमच्या या व्हिक्टोरिया राज्यात काय केलं, ते इथे कुणी विसरलेलं नाही.

चालणं सुरेख झालं. सुरुवातीला बूट घासून जंतुनाशकाने पुसायला लावतात, कारण झाडांची मुळं कुजवणारी फायटोफ्थोरा बुटांच्या मातीतून पसरते. लामाच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही, मानेवर ठेवायचा. कान मागे पाडले की जरा लांब व्हायचं. थुंकतात ते बहुतेक एकमेकांवरच, खाण्यावरून. पायाला दोन बोटं आणि खाली मऊ गादी, त्यामुळे वाट उखडत नाही.

वाटेत ब्रॅकन नेचा दिसला की तोंड घालू द्यायचं नाही, तो विषारी. आईच्या लामाने नेमकी तिकडेच मान वळवली. तिने दोरी आखडती घेतली, “हां, चल बाबा” म्हणाली, आणि तो नाकातून हूं हूं करत मुकाट चालू लागला. वाटाड्याने त्यानंतर आईलाच रांगेत पुढे घातलं. माझी मान ताठ झाली.

एक राहिलंच. चाल रद्द झाली तर पैसे परत मिळतात की फक्त नवी तारीख, हे बुकिंगआधी विचारा, व्हिसा संपत आला असेल तर नव्या तारखेचा काही उपयोग नाही. जमलं तर एप्रिल-मे धरा. तेव्हा इथला उन्हाळा सरून ऊन उतरलेलं असतं आणि फायर बॅनची धास्तीही कमी.