सांता क्लाराचा तो क्लब आणि हू ना

भावाकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आलो की सगळे गोल्डन गेट, सगळे नापा, पण माझ्या मनात यावेळी एकच जागा होती, आणि ती घरापासून गाडीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटांवर. शनिवारी संध्याकाळी पुतणीचं टेनिस कोचिंग सुटल्यावर तिलाच म्हटलं, चल, सांता क्लाराला एक टेनिस क्लब दाखवतो.

सेंट्रल एक्सप्रेसवेला लागून आहे. १९८२ मध्ये त्याला डेकॅथलॉन क्लब म्हणायचे, आता नाव बदललंय. आजूबाजूला सगळ्या आयटी कंपन्यांच्या बुटक्या इमारती. आम्ही आत गेलो नाही, पार्किंगमध्येच उभे राहिलो, कुंपणापलीकडून बॉलचा टप्प टप्प आवाज येत होता आणि पुतणी न बघताच सांगत होती, हा फोरहँड, हा स्लाइस.

जुलै १९८२ मध्ये इथे फेडरेशन कप झाला, म्हणजे देशादेशांच्या टीम्सची टेनिस स्पर्धा, बायकांचा डेव्हिस कपच समजा. चीनच्या टीममध्ये चेंग्दूची हू ना होती, वय १९. अमेरिकेत येऊन दोन दिवस होतात न होतात तोच ती हॉटेलमधून निघून गेली आणि मग तिने राजकीय आश्रय मागितला. कम्युनिस्ट पार्टीत यायला आपल्यावर दबाव आहे, आपण नकार देत आलोय आणि परत गेलो तर त्रास होईल, असं तिचं म्हणणं. पुढचे कितीतरी महिने दोन देशांची सरकारं एका टेनिसवाल्या मुलीवरून भांडत होती! एप्रिल १९८३ मध्ये अमेरिकेने आश्रय दिला आणि लगेच चीनने त्या वर्षाचे उरलेले सरकारी सांस्कृतिक आणि खेळांचे कार्यक्रम रद्द करून टाकले.

मला सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? त्याच स्पर्धेत मार्टिना नवरातिलोवा अमेरिकेकडून खेळत होती आणि कप अमेरिकेनेच जिंकला. मार्टिनाही १९७५ मध्ये अशीच १८ व्या वर्षी चेकोस्लोव्हाकिया सोडून आलेली. म्हणजे एकीचं घर सोडून झालेलं, दुसरीचं त्याच आठवड्यात सुटत होतं. हू ना पुढे प्रोफेशनल खेळली, विम्बल्डनलाही उतरली, नंतर तैवानमध्ये स्थायिक झाली, पण ऐन उमेदीचे ते महिने टेनिस कोर्टाऐवजी कागदपत्रांत गेले याची हळहळ मला आजही वाटते.

पुतणीला ली ना माहीत होती, २०११ ची फ्रेंच ओपन विजेती. तिला सांगितलं, दोघींच्या नावातलं ‘ना’ चिनीत एकच अक्षर आहे, आणि ली ना जन्मली तीसुद्धा १९८२ मध्येच, हू ना निघून गेली त्याच वर्षी. ली नाला स्वतःचा कोच निवडायची, बक्षिसाचा मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवायची मुभा चीनच्या सरकारी क्रीडायंत्रणेकडून मिळाली ती २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकनंतर. म्हणजे २६ वर्षांनी, आणि तेही घर न सोडता.

पुतणी बराच वेळ गप्प होती, रॅकेटची ग्रिप उलगडून परत गुंडाळत. मग म्हणाली, "काका, एकोणीस म्हणजे आपल्या ताईएवढीच की."

सहा वाजले होते, म्हणजे नाशिकला पहाटेचे साडेसहा, आई उठलेली असणार. गाडीत बसायच्या आधीच व्हिडिओ कॉल लावला. आईच्या हातात चहाची गाळणी होती आणि पहिलाच प्रश्न आला, जेवलात का रे.